एलएलबीनंतर अमेरिका की कॅनडा? सनद, परीक्षा, आर्टिकलिंग आणि व्हिसा

नवीसनद_पुणे

नमस्कार मंडळी. दोन्ही देशांबद्दल सुटंसुटं बरंच वाचायला मिळतं, पण समोरासमोर ठेवून कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून विचारते.

बी.कॉम.नंतर पुणे विद्यापीठाचं तीन वर्षांचं एलएलबी, सकाळची बॅच, इंग्रजी माध्यम. ऑल इंडिया बार परीक्षा पास, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला चार वर्षं काम. नवऱ्याच्या कंपनीने न्यू जर्सी किंवा टोरंटो असे दोन पर्याय दिलेत.

वकिली पुढे चालू ठेवायची तर पुन्हा जेडी (तिकडची कायद्याची मूळ पदवी) करावी लागते, एलएलएम पुरतं, की तेही नको? एका देशाची सनद शेजारच्या देशात काही कामाला येते का? आणि सोपं कुठे आहे यापेक्षा माणूस अडकतो कुठे, हे सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

टोरंटोकर_वकील

कॅनडापुरतं लिहितो.

जेडीची गरज नाही आणि एलएलएमही सक्तीचं नाही. सगळ्या प्रांतांच्या लॉ सोसायट्यांची मिळून एक फेडरेशन आहे, तिची समिती म्हणजे नॅशनल कमिटी ऑन अ‍ॅक्रेडिटेशन, बोलण्यात एनसीए. क्वेबेक सोडून बाकी कॅनडात परदेशी पदवीधराला याच दारातून यावं लागतं. (क्वेबेकचा दिवाणी कायदा फ्रेंच परंपरेचा आहे. त्यांचा बार वेगळा, अटी वेगळ्या. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.)

एनसीए तुमची पदवी तपासून विषय नेमून देते. पाच विषय सगळ्यांनाच असतात : कॅनडाचा प्रशासकीय कायदा, राज्यघटना, फौजदारी कायदा, कॅनेडियन कायद्याची मूलतत्त्वं आणि व्यावसायिक जबाबदारी. भारतीय पदवीवर त्यात बहुधा करार, अपकृत्य, मालमत्ता यांतले दोन-तीन वाढतात. शिवाय कायदेशीर संशोधन आणि लेखनाची स्वतंत्र अट आहे. परीक्षा ऑनलाइन, तीन तासांची, पुस्तक उघडून द्यायची, ५० टक्क्यांना पास. एका विषयाला साधारण ५०० कॅनेडियन डॉलर अधिक कर. पुण्यात बसून सगळे विषय काढता येतात आणि तेच करावं. टोरंटोत पोहोचल्यावर घरभाडं सुरू झालेलं असताना अभ्यासाला बसणं महागात पडतं.

आता नापास होण्याची कारणं. "पुस्तक उघडून" म्हटलं की लोक निर्धास्त होतात. प्रश्नात दीड पानाची हकिकत असते आणि उत्तरात तो कायदा त्या हकिकतीला लावून दाखवायचा असतो. आपल्याकडे विद्यापीठाच्या पेपरात व्याख्या, कलम, दोन निवाडे लिहिले की गुण पडतात. इथे पडत नाहीत. मुद्दा ओळखा, नियम एका-दोन ओळींत मांडा, मग उत्तराचा मोठा भाग नियम लावण्यात घालवा आणि शेवटी निष्कर्ष द्या.

दुसरं कारण म्हणजे जुन्या नोट्स. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रशासकीय कायद्याच्या कित्येक नोट्स २०१९ च्या आधीच्या आहेत. त्या वर्षी व्हाविलोव्ह निवाड्याने न्यायालयीन पुनर्विलोकनाची सगळी चौकट बदलली. मूळ गृहीतक आता 'वाजवीपणा'चं आहे आणि अपवाद मोजके आहेत. डन्सम्युअर या २००८ च्या निवाड्यावर बेतलेली नोट हातात घेऊन बसलात तर अर्धा पेपर चुकलाच. नैसर्गिक न्यायासाठी मात्र बेकर निवाडा (१९९९) अजून पाया आहे. घटनेच्या पेपरात कलम ९१-९२ची केंद्र-प्रांत अधिकारविभागणी आणि हक्कांवरचं बंधन समर्थनीय आहे का हे ठरवणारी ओक्स कसोटी (१९८६) हाताला वळण पडेपर्यंत लिहून पाहा.

हे सगळं झालं की एनसीए प्रमाणपत्र देते. लक्षात घ्या, ही सनद नव्हे. "कॅनडाच्या कायद्याच्या पदवीच्या बरोबरीचं शिक्षण आहे" एवढंच ते सांगतं. त्यापुढे ओंटारिओची लॉ सोसायटी : बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा, प्रत्येकी १६० बहुपर्यायी प्रश्न. याही पुस्तक उघडून, पण साहित्य शेकडो पानांचं. स्वतःची विषयसूची करून ठेवली नसेल तर पान शोधण्यातच वेळ संपतो. आणि मग आर्टिकलिंग, म्हणजे वकिलाच्या हाताखाली किमान ८ महिने. किंवा त्याऐवजी लॉ प्रॅक्टिस प्रोग्रॅम : चार महिने प्रशिक्षण, चार महिने प्रत्यक्ष काम.

लोक अडकतात ते आर्टिकलिंगपाशी. मोठ्या फर्म इथल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच घेतात आणि आर्टिकलिंगच्या बहुतेक जागा त्यातूनच भरतात. एनसीएवाल्यांच्या वाट्याला लहान कचेऱ्या येतात : जमीन-घर खरेदी, कौटुंबिक, इमिग्रेशन, फौजदारी. ब्रॅम्प्टन-मिसिसागात अशी ऑफिसं बरीच आहेत. काही ठिकाणी विद्यावेतन नाममात्र असतं, काही ठिकाणी तेही नसतं. म्हणून करार लेखी घ्या.

तुमच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट. समान परंपरेच्या देशात किमान १० महिने वकिली केली असेल तर ओंटारिओत आर्टिकलिंगमधून सूट मागता येते. ती मिळाली तर आचारनियमांचा छोटा कोर्स करून काम भागतं. तुमची चार वर्षं त्यासाठी उपयोगाची आहेत, पण नुसत्या सनदेवर सूट मिळत नाही. पक्षकारांच्या मुलाखती घेतल्या, मसुदे केले, युक्तिवाद केला, फाईल सांभाळली, हे कामाच्या प्रकारानुसार दाखवावं लागतं. सिनियरकडून तपशीलवार पत्र आत्ताच घ्या. वकीलपत्राच्या प्रती आणि खटल्यांची यादी जमवायला लागा.

दोनशे_प्रश्न

अमेरिकेत सगळ्यात आधी "अमेरिकेची सनद" हा शब्दच सोडून द्यावा लागतो. सनद राज्याची असते आणि परदेशी पदवीधराला परीक्षेला बसू द्यायचं की नाही हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. बऱ्याच राज्यांना अमेरिकन बार असोसिएशनने मान्य केलेल्या कॉलेजची जेडीच हवी असते. म्हणून आपली माणसं न्यूयॉर्ककडे नाहीतर कॅलिफोर्नियाकडे वळतात. न्यू जर्सीत राहायचं असेल तर हे नीट समजून घ्या : हडसन नदीच्या अलीकडे घर, पलीकडे सनद. नोकरी न्यूयॉर्कमध्येच शोधावी लागेल.

न्यूयॉर्कचा नियम ५२०.६. त्यात दोन कसोट्या आहेत. कायद्याचं शिक्षण किमान तीन वर्षांचं, पूर्ण वेळ आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं हवं, ही पहिली. ते इंग्लिश कॉमन लॉच्या परंपरेतलं हवं, ही दुसरी. दोन्ही पूर्ण झाल्या तर एलएलएमशिवाय परीक्षेला बसता येतं. हे वाक्य ठळकपणे लिहितो, कारण कन्सल्टंट लोक सरसकट "एलएलएम लागतंच" असं सांगून ७०-८० हजार डॉलर फीच्या कोर्सला पाठवतात. दोन्हींपैकी एक कसोटी कमी पडली तर मात्र मान्यताप्राप्त कॉलेजमधलं २४ क्रेडिटचं एलएलएम करून ती भरून काढायची.

तुमच्या प्रकरणात प्रश्न "सकाळची बॅच" हा आहे. न्यूयॉर्कच्या परीक्षा बोर्डाला अर्धवेळ शिक्षणाचा संशय आला तर पहिली कसोटी तिथेच अडते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार वर्ग आठवड्याला किमान ३० तासांचे असावे लागतात. प्राचार्यांकडून लेटरहेडवर पत्र घ्या : कोर्स पूर्ण वेळचा होता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याचे तास किती. पत्रात "मॉर्निंग कॉलेज" एवढेच शब्द असतील तर ते नसलेलं बरं.

एलएलएम करायचंच ठरलं तर विषय निवडताना सांभाळा. २४ पैकी २ क्रेडिट व्यावसायिक जबाबदारी, २ संशोधन-लेखन, २ अमेरिकन कायद्याची ओळख आणि ६ क्रेडिट परीक्षेतल्या विषयांचे, हे सक्तीचे. वर्ग प्रत्यक्ष अमेरिकेतल्या कॅम्पसवर. ऑनलाइन क्रेडिट धरत नाहीत. आवडीने करविषयक किंवा बौद्धिक संपदेचं एलएलएम घेतात आणि दुसऱ्या सत्रात कळतं की सक्तीचे १२ क्रेडिट बसतच नाहीत.

परीक्षा फेब्रुवारी आणि जुलैच्या शेवटच्या मंगळवारी-बुधवारी. एका दिवशी ६ निबंध-प्रश्न, अर्ध्या अर्ध्या तासाचे, आणि दीड तासाची एक अशी २ प्रत्यक्ष मसुद्याची कामं. दुसऱ्या दिवशी २०० बहुपर्यायी प्रश्न, सकाळी १०० आणि दुपारी १००, म्हणजे प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. पुस्तक बंद. ४०० पैकी २६६ लागतात. शिवाय आचारनियमांची वेगळी परीक्षा (६० प्रश्न, ८५ गुण), न्यूयॉर्कच्या कायद्याचा ऑनलाइन कोर्स आणि ५० प्रश्नांची चाचणी, ५० तास विनामोबदला सेवा. परदेशी पदवीधराला परीक्षेचं शुल्क ७५० डॉलर.

मान्यताप्राप्त कॉलेजातून जेडी केलेले आणि पहिल्यांदा बसणारे ८० टक्क्यांच्या वर पास होतात. परदेशी शिकलेल्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घुटमळतं. इंग्रजी हे त्याचं मुख्य कारण आहे असं मला वाटत नाही. बहुपर्यायी प्रश्नात चारही पर्याय ओळखीचे वाटतात आणि आपला हात भारतीय कायद्याच्या उत्तराकडे जातो. करारात मालविक्रीला एक नियमसंच, सेवेला दुसरा. मालमत्तेत भविष्यातल्या हितसंबंधांचे इंग्लिश काळातले बारकावे. फौजदारीत खुनाच्या पायऱ्या आपल्यापेक्षा वेगळ्या. दिवाणी प्रक्रिया तर पूर्ण फेडरल न्यायालयांची. पुराव्याचा कायदा तेवढा जवळचा वाटतो आणि तिथेच ऐकीव पुराव्याचे अपवाद घात करतात. एखादा विषय "येतो" म्हणून सोडू नका. दीड-दोन हजार प्रश्न सोडवून प्रत्येक चुकीचं कारण वहीत लिहिणं, याला दुसरा उपाय नाही.

परीक्षेचं स्वरूपही बदलतंय. 'नेक्स्टजेन' नावाची नवी परीक्षा काही राज्यांत जुलै २०२६ पासून, न्यूयॉर्कमध्ये जुलै २०२८ पासून. जुनी पुस्तकं विकत घेण्याआधी आपलं वर्ष कुठलं ते बघा.

कॅलिफोर्नियाची वाट वेगळी आहे. परदेशातली चालू सनद असलेल्या वकिलाला तिथे एलएलएमशिवाय परीक्षा देता येते. त्यासाठी भारतातली सनद निलंबित केलेली असून चालत नाही. नोकरी धरताना सनद जमा करणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

कलम_९१

दोघांनीही उत्तम लिहिलंय. हा फरक मुळात का पडला, ते थोडं मांडते. त्याने निवड सोपी होईल.

कॅनडात फौजदारी कायदा घटनेनेच केंद्राकडे दिला. देशभर एकच क्रिमिनल कोड. प्रांतिक कायद्याच्या प्रश्नावरही शेवटचा शब्द ओटावातल्या सर्वोच्च न्यायालयाचा. त्यामुळे ओंटारिओतल्या वकिलाला ब्रिटिश कोलंबियातला कायदा परका नसतो. लॉ सोसायट्यांनी आपसांत करार केला आणि आता कॉमन लॉ प्रांतांमध्ये पुन्हा परीक्षा न देता सनद हलवता येते, तात्पुरतं काम तर वर्षाला १०० दिवसांपर्यंत तसंच करता येतं. आपल्याला हे ओळखीचं आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम ३० लागू झाल्यापासून महाराष्ट्राची सनद देशभर चालतेच.

अमेरिकेत राज्याच्या कायद्यावर शेवटचा शब्द त्या राज्याच्या सगळ्यात वरच्या न्यायालयाचा. खून, करार, घटस्फोट, सगळं राज्यागणिक. समान बार परीक्षेचे (न्यूयॉर्कची वर सांगितलेली परीक्षा तीच) गुण दुसऱ्या राज्यात नेता येतात हे खरं, पण फक्त गुण. पात्रता त्या राज्याच्या नियमानेच तपासतात आणि परदेशी एलएलबी तिथे पुन्हा अडते. अपवाद फेडरल कामाचा. इमिग्रेशन कायदा केंद्राचा असल्याने कुठल्याही एका राज्याची सनद असली की केंद्रीय इमिग्रेशन यंत्रणेपुढे उभं राहता येतं. परदेशी वकिलांपैकी इतके जण त्या कामात दिसतात त्याचं हे एक कारण.

नागरिकत्वाचा मुद्दा बरेच जण विचारतात. ती अट दोन्हीकडे नाही आणि दोन्हीकडे ती न्यायालयानेच काढली : अमेरिकेत ग्रिफिथ्स प्रकरणात १९७३ साली, कॅनडात अँड्र्यूज प्रकरणात १९८९ साली. अँड्र्यूज तर कॅनडाच्या समतेच्या कायद्याचा पायाच आहे. एनसीएच्या घटनेच्या पेपरातही तो लागेल. पण सनद मिळणं आणि काम करण्याचा परवाना मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या. दुसरीबद्दल कुणी लिहा.

परवाना_आणि_पगार

लिहितो, कारण निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो.

न्यू जर्सीला तुम्ही नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) घेऊन गेलात, तर त्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जातला आय-१४० हा टप्पा मंजूर होईपर्यंत तुम्हाला काम करता येत नाही. विनापगारी 'अनुभव' म्हणून एखाद्या ऑफिसात जाऊन बसणंही धोक्याचं. शिकता मात्र येतं, परीक्षाही देता येते. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं अभ्यास आणि परीक्षेची समजा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एलएलएम केलंत तर १२ महिन्यांचा ओपीटी (शिक्षणानंतर काम करण्याची मुभा) मिळतो. कायदा स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) येत नाही, त्यामुळे पुढची २४ महिन्यांची वाढ नाही. त्यात जुलैच्या परीक्षेचा निकाल ऑक्टोबरच्या शेवटी लागतो आणि शपथ त्यानंतर कित्येक आठवड्यांनी. ओपीटीचं घड्याळ तोवर चालूच असतं आणि एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकारी चालत नाही. मग एच-१बीची सोडत. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करताना कंपनीला १ लाख डॉलर भरावे लागण्याचा नियमही आला. लहान कायदा कचेरी एवढे पैसे कुणासाठी भरत नाही.

कॅनडात कामाच्या परवान्यावर गेलेल्या तज्ज्ञ कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला खुला परवाना मिळू शकतो. नवऱ्याचा हुद्दा आणि परवान्याची मुदत त्या नियमात बसते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. स्वतः शिकायला जायचं असेल तर फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या पदव्युत्तर पदवीवरही तीन वर्षांचा कामाचा परवाना मिळतो. टोरंटोच्या ऑसगुड लॉ स्कूलचं किंवा ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं कॅनेडियन कॉमन लॉमधलं एलएलएम घेतलं तर एनसीएचे विषयही त्यातच भागवता येतात. परीक्षा घरून देण्यापेक्षा हे कितीतरी महाग, पण इथल्या वकिलांशी ओळखी होतात आणि आर्टिकलिंगच्या शोधात त्या कामाला येतात.

पगाराचे आकडे फसवे असतात. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाला २ लाख २५ हजार डॉलर, टोरंटोत बे स्ट्रीटवरच्या मोठ्या फर्ममध्ये १ लाख ३० हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास. हे दोन्ही आकडे इथल्या जेडीवाल्यांचे समजा. अमेरिकेतल्या नव्या वकिलांच्या पगाराचा आलेख दोन उंचवट्यांचा असतो, एक त्या मोठ्या फर्मचा आणि दुसरा, ज्यात बहुसंख्य असतात, कितीतरी खाली. मधल्या दरीत फार थोडे. सरासरी पगार पाहून कर्ज काढू नका.

नवीसनद_पुणे

खूप आभार सगळ्यांचे. दोन शंका उरल्या. कागदपत्रं दोन्हीकडे एकदमच मागवून ठेवता येतील का? आणि आधी कॅनडा, मग न्यूयॉर्क असा क्रम ठेवला तर आधीचं वाया जातं का?

दोनशे_प्रश्न

कागद आत्ताच मागवा. दोन्हीकडे गुणपत्रक विद्यापीठाकडून थेट, बंद पाकिटात किंवा अधिकृत इलेक्ट्रॉनिक मार्गाने जावं लागतं. तुमच्या हातचं, कितीही साक्षांकित असलं तरी, चालत नाही. विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टवर बऱ्याचदा सत्रनिहाय गुण असतात, पण शिक्षण सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख नसते. तेवढं वेगळ्या पत्रात घ्या. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभाचं हवं, तात्पुरत्यावर थांबू नका.

नावाचं बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. सनदेवर कदाचित नवऱ्याचं. पासपोर्टवर तिसरंच काही. परक्या देशातल्या कारकुनाला ही तीन माणसं वाटतात. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद असल्यास तिची प्रत आणि "ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र प्रत्येक अर्जासोबत लावा. बार कौन्सिलकडून 'गुड स्टँडिंग'चं (सनद चालू आणि निर्दोष असल्याचं) पत्रही घ्या, मात्र ते ताजं लागतं, म्हणून अर्जाच्या जवळ मागवा. न्यूयॉर्कची पात्रता तपासणी सहा महिने सहज खाते. ज्या परीक्षेला बसायचंय तिच्या किमान वर्षभर आधी अर्ज टाका.

टोरंटोकर_वकील

क्रमाबद्दल. एनसीएचं प्रमाणपत्र न्यूयॉर्कला दाखवून उपयोग नाही. ते पदवी बघतात, त्यामुळे तुमचं पुण्याचं एलएलबीच तिथे तपासलं जाईल. कॅनडात जेडी केली असती तर गोष्ट वेगळी, तिच्यावर एलएलएमशिवाय न्यूयॉर्कला बसता येतं. उलट बाजूने, अमेरिकेत जेडी केलेल्यालाही कॅनडात एनसीएचे कॅनेडियन विषय द्यावेच लागतात.

तरीही आधी कॅनडा या क्रमात एक मोठा फायदा आहे. दोन्ही देश आणि मेक्सिको यांच्यातल्या व्यापार कराराच्या व्यवसाययादीत वकील आहे. कॅनडाच्या नागरिकाला त्या कराराखालच्या टीएन दर्जावर अमेरिकेत काम करता येतं, सोडत नाही. नागरिक हा शब्द महत्त्वाचा, नुसत्या पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) तो दर्जा मिळत नाही. म्हणजे पीआर, मग नागरिकत्व, त्या काळात ओंटारिओची सनद आणि काम, आणि जमल्यास सवडीने न्यूयॉर्कची परीक्षा. काही वर्षांचा मामला आहे, पण यातला एकही टप्पा चिठ्ठी निघण्यावर अवलंबून नाही.

तुम्हाला तातडीने करायचं काम एकच आहे. एनसीएचा तपासणी अर्ज या महिन्यात टाका. न्यू जर्सी ठरली तरी तेच कागद न्यूयॉर्कला लागणार आहेत, आणि विषय किती लागले ते कळलं की इथे येऊन विचारा. प्रशासकीय कायद्याच्या नव्या नोट्स कोणत्या घ्यायच्या ते सांगतो.